हिरा, खडा आणि पावती

जगातली सर्वांत महाग अंगठी लिलावात जिंकणाऱ्या पहिल्या माणसाला तिचे पैसे भरता आले नाहीत. ही गोष्ट नोव्हेंबर २०१३ ची, जिनिव्हातली. सदबीजच्या लिलावात ५९.६० कॅरटचा, आतून पूर्ण निर्मळ असा गडद गुलाबी हिरा अंगठीत बसवून मांडला होता. न्यूयॉर्कचे हिरेव्यापारी आयझॅक वुल्फ यांनी ८ कोटी ३० लाख डॉलरच्या आसपास रक्कम कबूल करून तो घेतला आणि ‘पिंक ड्रीम’ असं त्याचं बारसंही करून टाकलं. टाळ्या झाल्या, बातम्या झाल्या, पैसे मात्र आले नाहीत. मूळ मालकाला सदबीजने ६ कोटी डॉलरची हमी आधीच देऊन ठेवलेली. त्यामुळे अंगठी घरजावयासारखी त्यांच्याच तिजोरीत येऊन बसली आणि तीन वर्षांहून जास्त काळ तिथेच राहिली. अखेर ४ एप्रिल २०१७ रोजी हाँगकाँगमध्ये पुन्हा लिलाव झाला. चाऊ ताई फूक या तिथल्या बड्या सराफी कंपनीने ७ कोटी १२ लाख डॉलर मोजले. त्या वेळच्या दराने हे सुमारे ४६० कोटी रुपये होतात. आज तिचं नाव ‘सीटीएफ पिंक स्टार’.

कॅरट म्हणजे ग्रॅमचा पाचवा हिस्सा. म्हणजे हा हिरा बारा ग्रॅमला किंचित कमी; आपल्या जुन्या मापात एक तोळा आणि वर दोन गुंजा. तोळ्याला ४६० कोटी! १९९९ साली दक्षिण आफ्रिकेत तो सापडला तेव्हा कच्चा दगड १३२.५ कॅरटचा होता. पैलू पाडायला वीस महिने लागले आणि निम्म्याहून अधिक वजन त्यात गेलं.

‘जगातल्या सर्वांत महाग दहा अंगठ्या’ अशा याद्या दर काही महिन्यांनी नव्याने फिरतात. त्यांत लिलावात मोजलेली रक्कम, विम्यासाठी लिहिलेली किंमत, नटीच्या बोटावरच्या अंगठीचा वर्तमानपत्री अंदाज आणि दुकानदाराने स्वतःच लावलेली चिठ्ठी हे सगळं एका पंगतीला बसतं. स्वित्झर्लंडच्या शाविश या पेढीने २०१२ मध्ये एकाच हिऱ्यातून अख्खी अंगठी कोरून काढली, दीडशे कॅरटची, आणि तिला ७ कोटी डॉलर ही किंमत लावली. कारागिरी म्हणून ती थोर आहेच. पण सांगितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत किती अंतर असतं, हे मंडईत भाजी घेणाऱ्यालाही ठाऊक असतं. म्हणून इथे चारचौघांत हातोडा पडला असेल तोच आकडा धरला आहे.

हा नियम लावला की यादी एकदम आखूड होते आणि रंगीत होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये हाँगकाँगला ‘विल्यमसन पिंक स्टार’ ५ कोटी ७७ लाख डॉलरला गेला. वजन अवघं ११.१५ कॅरट, म्हणजे सव्वादोन मासे. कॅरटमागे पन्नास लाख डॉलरच्या वर भाव तोपर्यंत कुठल्याच रत्नाला लिलावात मिळाला नव्हता. मे २०१६ मध्ये जिनिव्हात १४.६२ कॅरटचा ‘ओपनहायमर ब्लू’ ५ कोटी ७५ लाख डॉलरला विकला गेला. डी बिअर्स एकेकाळी ज्या घराण्याच्या ताब्यात होती, त्यातल्या फिलिप ओपनहायमर यांच्याकडे तो होता म्हणून ते नाव. आणि मग हाँगकाँगचे बांधकामसम्राट जोसेफ लाऊ. नोव्हेंबर २०१५ मध्ये त्यांनी एका दिवशी १६.०८ कॅरटचा गुलाबी हिरा २ कोटी ८५ लाख डॉलरला घेतला, दुसऱ्या दिवशी १२.०३ कॅरटचा निळा ४ कोटी ८४ लाख डॉलरला, आणि दोन्हींना आपल्या सात वर्षांच्या मुलीचं, जोसेफिनचं नाव दिलं. त्याच्या आदल्याच वर्षी मकावच्या न्यायालयाने त्यांना लाचखोरीत दोषी ठरवून तुरुंगवास सुनावला होता. ते हाँगकाँगमध्येच राहिले आणि हिरे घेत राहिले.

पांढऱ्या हिऱ्याचं या यादीत काम नाही. शुद्ध कार्बनचा हिरा रंगहीन असतो. कार्बनच्या अणूंच्या जाळीत बोरॉन शिरला की तो निळा होतो, नायट्रोजन शिरला की पिवळा, दगडातल्या किरणोत्सर्गाचा मारा झाला की हिरवट. गुलाबी रंगाला कुठलीच भेसळ कारण नाही. जमिनीखालच्या प्रचंड दाबाने जाळीच पिळवटली जाते आणि त्या पिळातून तो रंग येतो. जगातले नव्वद टक्क्यांहून अधिक गुलाबी हिरे ज्या एका खाणीतून येत होते, ती पश्चिम ऑस्ट्रेलियातली अर्गाइल खाण नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. भाव चढायला आणखी काय हवं?

तरीही रसायनशास्त्राने अर्धीच किंमत कळते. उरलेली अर्धी नावात असते, आणि त्या नावांच्या खातेवहीत मराठी संस्थानांची पानं बरीच आहेत.

* * *

२०२५ च्या वसंतात क्रिस्टीजने जाहीर केलं की, १४ मेच्या जिनिव्हा लिलावात ‘गोलकोंडा ब्लू’ येणार. नासपतीच्या आकाराचा २३.२४ कॅरटचा निळा हिरा, पॅरिसच्या जार या जवाहिऱ्याने अंगठीत बसवलेला, अंदाज साडेतीन ते पाच कोटी डॉलर. ऐनवेळी तो लिलावातून मागे घेतला गेला. पण त्या निमित्ताने त्याची वंशावळ पुन्हा छापून आली, आणि ती थेट होळकरांची निघाली. इंदूरचे तुकोजीराव होळकर तिसरे यांनी १९२३ मध्ये पॅरिसच्या शोमे या पेढीकडून हा हिरा ब्रेसलेटमध्ये बसवून घेतला होता. त्याआधी दहा वर्षं त्याच पेढीकडून त्यांनी ‘इंदूर पेअर्स’ ही हिऱ्यांची जोडी घेतली होती, एकेक ४६ कॅरटच्या वरचा. पुढे मुंबईच्या मलबार हिलवरच्या बावला खून खटल्याच्या गदारोळात तुकोजीरावांना १९२६ मध्ये गादी सोडावी लागली. त्यांचे चिरंजीव यशवंतराव आले. त्यांनी १९३३ मध्ये मोबूसाँ या दुसऱ्या फ्रेंच जवाहिऱ्याला संस्थानचं काम दिलं, आणि निळा हिरा व ती जोडी एका लांब हारात गुंफली गेली. महाराणी संयोगिताबाईंना हे हिरे घातलेलं बर्नार बूते द मोंवेल या फ्रेंच चित्रकाराने रंगवलं आहे.

१९४७ उजाडलं आणि न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनने तो निळा हिरा विकत घेतला. त्याने तो तेवढ्याच वजनाच्या एका पांढऱ्या हिऱ्याशेजारी ब्रोचमध्ये बसवला आणि विकला कुणाला, तर बडोद्याच्या महाराजांना! इंदूर-बडोदे हे अंतर एका रात्रीच्या रेल्वेचं. पण होळकरांचा हिरा गायकवाडांकडे गेला तो न्यूयॉर्कला वळसा घालून, मधल्या माणसाचा नफा देऊन.

बडोद्याच्याच महाराणी सीतादेवींची गोष्ट तर याहून झगमगीत. १९६० साली हैदराबादच्या निजामाचा ३४.६५ कॅरटचा गुलाबी गोलकोंडा हिरा लंडनला लिलावात निघाला आणि व्हॅन क्लीफ अँड आर्पेल्सने ४६,००० पौंडांना घेतला. पॅरिसच्या दुकानात त्याचा समारंभ झाला. सीतादेवी आपल्या १४ वर्षांच्या मुलाला, सयाजीरावांना, घेऊन आल्या होत्या. घरात त्याला ‘प्रिन्सी’ म्हणत. हिऱ्याला तेच नाव मिळालं. २०१३ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला ‘प्रिन्सी’ ३ कोटी ९३ लाख डॉलरला विकला गेला. खाण गोलकोंड्याची, मालकी निजामाची, आणि नाव बडोद्याच्या एका मुलाचं, ज्याच्या मालकीचा तो हिरा कधी नव्हताच.

आणि नाशिकचा हिरा? त्र्यंबकेश्वराच्या चरणी असलेला म्हणून सांगितला जाणारा हा हिरा १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाकडून इंग्रजांच्या हाती पडला. लंडनला त्याचे पैलू नव्याने पाडले, पुढे तो वेस्टमिन्स्टरच्या उमरावाच्या तलवारीच्या मुठीत गेला. १९२० च्या दशकात तो अमेरिकेत नेला गेला तेव्हा तिथे खटला उभा राहिला: ही कलात्मक पुरातन वस्तू मानून जकात माफ करायची, की नुसता हिरा मानून वसूल करायची? वरच्या न्यायालयाने हिरा म्हणून जकात लावली. १९४० मध्ये विन्स्टनने त्याला पुन्हा कापून ४३.३८ कॅरटवर आणलं आणि काही वर्षांनी न्यूयॉर्कच्या एका धनिक बाईंच्या बोटात तो अंगठी होऊन बसला. पेशव्यांच्या वेळचा ९० कॅरटच्या आसपासचा हिरा आता निम्म्याहून कमी उरला आहे. तेज वाढवण्याच्या नादात इतिहास घासून टाकायचा ही खोड जगभरच्या जवाहिऱ्यांना आहे, आणि ती मला अजिबात आवडत नाही.

अठराव्या शतकात ब्राझीलच्या खाणी सुरू होईपर्यंत जगाला हिरे पुरवले ते मुख्यतः भारताने. सगळ्यांच्या तोंडी गोलकोंडा असतो. पण ‘ऐने अकबरी’त अबुल फझलने हिऱ्याच्या खाणीची नोंद केलेल्या ठिकाणांत आपलं वैरागडही आहे, आजच्या गडचिरोली जिल्ह्यातलं. किल्ल्याचे अवशेष अजून आहेत.

* * *

आता या सगळ्या वैभवाला टाचणी लावणारी एक अंगठी. १९८० च्या दशकात लंडनच्या पश्चिमेला एका इस्पितळाच्या आवारात भरलेल्या जुन्या सामानाच्या बाजारात एका बाईने १० पौंडांना खड्याची अंगठी घेतली. खडा इतका मोठा होता की तो खरा असेल असं विकणाऱ्यालाही वाटलं नाही आणि घेणारीलाही. भांडी घासताना, झाडलोट करताना, बाजारात जाताना तिने ती तीस वर्षं घातली. मग एका सराफाने सुचवलं, तपासून तरी घ्या. तो २६.२७ कॅरटचा हिरा निघाला, एकोणिसाव्या शतकातल्या घडणीचा. जून २०१७ मध्ये सदबीजने लंडनला तो ६,५६,७५० पौंडांना विकला.

तीस वर्षं कुणालाच का कळलं नाही, याचं उत्तर सोपं आहे. जुन्या काळी वजन राखण्याकडे लक्ष असे, लखलखाटाकडे नसे. त्या पद्धतीचे पैलू आजच्या ‘ब्रिलियंट कट’सारखे प्रकाश परत फेकत नाहीत, शिवाय खड्यावर मळ साचलेला. आपण ज्याला हिऱ्याचं तेज म्हणतो ते बरंचसं पैलूंच्या गणिताचं आणि स्वच्छ कापडाचं तेज असतं. डोळ्यांना हिरा कळत नाही. डोळ्यांना चमक कळते, आणि चमक बनवता येते.

याच्या उलट टोकाची गोष्ट १९९६ ची. जॅकलीन केनेडी ओनासिस यांच्या मागे राहिलेल्या वस्तूंचा न्यूयॉर्कला लिलाव झाला. ओनासिसने लग्नात दिलेली ४०.४२ कॅरटच्या ‘लेसोथो’ हिऱ्याची अंगठी साधारण २६ लाख डॉलरला गेली. पण चर्चा झाली ती तीन पदरी मोत्यांच्या माळेची. मोती खोटे होते, काचेचे. लिलावाच्या पुस्तिकेतही तसं स्वच्छ लिहिलेलं. अंदाज ५०० ते ७०० डॉलर. माळ गेली २,११,५०० डॉलरला. घेणाऱ्या फ्रँकलिन मिंट या कंपनीने मग तिच्या नकला काढून दोनशे डॉलरच्या आसपास किमतीला विकल्या. खोट्या मोत्यांची खोटी माळ, आणि ती घ्यायला रांगा! वस्तू खरी की खोटी यापेक्षा ती कुणाच्या गळ्यात होती याला किंमत असते, हे इतक्या उघडपणे क्वचित दिसतं.

* * *

नकली खड्यांचा धंदा फसवणुकीतूनच जन्मला, असं नाही. १७३० च्या दशकात पॅरिसमध्ये जॉर्ज फ्रेडरिक स्ट्रास नावाच्या जवाहिऱ्याने शिसं घातलेल्या काचेचे असे काही खडे बनवले की दरबारी बायका ते उजळ माथ्याने घालू लागल्या, आणि स्ट्रास १७३४ मध्ये राजाचा जवाहिऱ्या झाला. विसाव्या शतकात कृत्रिम रुटाइल आलं, स्ट्रॉन्शियम टायटनेट आलं, वायएजी आलं. प्रत्येकाची काही वर्षं चलती झाली आणि प्रत्येकात काही ना काही खोट होती: कुणी मऊ, कुणी पिवळट, कुणी मिणमिणतं.

मग आला आपल्या घराघरांतला ‘अमेरिकन डायमंड’, दुकानातल्या भाषेत ‘एडी’. म्हणजे क्युबिक झिरकोनिया. त्याचे मोठे स्फटिक बनवण्याची पद्धत १९७० च्या दशकात मॉस्कोच्या लेबेदेव भौतिकी संस्थेत बसली. अडचण विलक्षण होती. झिरकोनिया २७०० अंशांच्या वर वितळतो. एवढ्या उष्णतेला टिकेल अशी मूस आणायची कुठून? रशियनांनी झिरकोनियाचीच मूस केली. बाहेरून पाणी खेळवलेल्या तांब्याच्या नळ्या, आत भुकटी. रेडिओलहरींनी मधली भुकटी वितळायची आणि नळ्यांना लागून असलेला थर थंड राहून भांड्याचं काम करायचा. ही युक्ती मला पिंक स्टारच्या वीस महिन्यांच्या घासकामाइतकीच थोर वाटते.

आज भुलेश्वरच्या घाऊक गल्ल्यांत, मालाडच्या इमिटेशन दागिन्यांच्या कारखान्यांत, दादरच्या दुकानांत आणि पुण्याच्या तुळशीबागेत जे चमकतं ते बहुतेक हेच. नथीत, तन्मणीच्या खोडात, मंगळसूत्राच्या वाट्यांत, बुगडीत एडी इतका मुरला आहे की त्याला नकली म्हणणंही चुकीचं वाटावं. आजीच्या सात हिऱ्यांच्या कुड्या एका सुनेकडे गेल्या की दुसरीसाठी तशाच एडीच्या घडवायच्या, ही तडजोड किती घरांत झाली असेल! आणि दहा पावलांवरून कुणाला फरक कळला असेल?

जवळून कळतो. एडी हिऱ्यापेक्षा जड असतो, त्याच आकाराचा खडा दीडपटीहून जास्त भरतो. तो हिऱ्याइतका कठीण नाही, त्यामुळे रोज घातला तर पैलूंच्या कडा हळूहळू बोथट होतात. सणासमारंभाला वापरायच्या दागिन्यात याने काही बिघडत नाही. रोजच्या अंगठीत बिघडतं.

रोजच्या अंगठीसाठी मॉइसनाइट बरा. १८९३ मध्ये ऑन्री मॉयसाँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला अ‍ॅरिझोनातल्या उल्काविवराच्या दगडांत त्याचे बारीक कण सापडले. प्रयोगशाळेत वाढवलेला खडा दागिन्यांत आला १९९८ मध्ये, अमेरिकेत; तिथली पेटंटची मुदत २०१५ मध्ये संपल्यावर तो स्वस्त झाला. कठीणपणात हिऱ्याच्या खालोखाल, आणि रंग उधळण्यात हिऱ्याच्या दुपटीहून पुढे. तोच त्याचा दोष. मोठा मॉइसनाइट उन्हात नेला की इंद्रधनुष्य अंगावर घेतल्यासारखा दिसतो, आणि पारखी माणूस लांबूनच ओळखतो. भिंगातून तिरकं पाहिलं तर पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. मात्र उष्णता किती लवकर वाहते हे पाहून ‘हिरा आहे’ असा आवाज करणारी छोटी यंत्रं त्याला फसतात. तेवढ्या एका यंत्रावर कुणी खात्री देत असेल तर ती खात्री नव्हे.

नकली घालण्यात कमीपणा वाटत असेल तर ज्यांच्याकडे अस्सल आहे त्यांच्याकडे पाहावं. ऑक्टोबर २०१६ मध्ये पॅरिसला पोलिसांच्या वेशातल्या दरोडेखोरांनी किम कार्दाशियनला बांधून तिची १८.८८ कॅरटची अंगठी नेली. २०२५ मध्ये खटला चालला, शिक्षा झाल्या. अंगठी मिळाली नाही. एवढा हिरा बोटात घालून रस्त्यावर उतरणं म्हणजे अंगरक्षकांचा ताफा आणि विम्याच्या अटी. एडी घातलेली बाई लोकलच्या गर्दीतही तुलनेने निवांत असते.

* * *

आता खरा पेच. वरचे सगळे नकली खडे हिरे नव्हेत. पण लॅबमध्ये वाढवलेला हिरा हा हिराच आहे. तोच कार्बन, तीच जाळी, तोच कठीणपणा. डिसेंबर १९५४ मध्ये अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकमध्ये ट्रेसी हॉल यांनी प्रचंड दाब आणि उष्णता देऊन पहिला खात्रीचा कृत्रिम हिरा बनवला. दुसरी पद्धत सीव्हीडी: हिऱ्याची पातळ चकती बीज म्हणून ठेवायची, मिथेन आणि हायड्रोजन सोडायचा, सूक्ष्मलहरींनी त्याचा प्लाझ्मा करायचा, कार्बन थरावर थर चढत जातो आणि काही आठवड्यांत कापण्याजोगा दगड तयार होतो. हे काम आज सुरतेत कारखान्यांच्या रांगांतून चालतं. जून २०२३ मध्ये पंतप्रधान मोदींनी वॉशिंग्टनला जिल बायडेन यांना दिलेला साडेसात कॅरटचा हिरा सुरतेच्या लॅबमधलाच. अमेरिकन सरकारच्या नोंदीत त्याची किंमत २०,००० डॉलर आहे. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात अशा हिऱ्यांच्या बीजावरची जकात काढली गेली आणि आयआयटी मद्रासला संशोधनासाठी पैसे दिले गेले.

आणि भाव कोसळला. दहा वर्षांपूर्वी लॅबचा हिरा नैसर्गिकपेक्षा थोडाच स्वस्त असे. आता तो त्याच्या पाचव्या-दहाव्या हिश्शात येतो. डी बिअर्सने २०१८ मध्ये ‘लाइटबॉक्स’ नावाने कॅरटला ८०० डॉलर दराने लॅबचे हिरे विकायला काढले, ते लोकांना दोन्हींतला फरक ठसवायला. २०२५ मध्ये ते दुकान बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी जीआयए या प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकन संस्थेने ठरवलं की लॅबच्या हिऱ्यांना रंग-निर्मळतेची बारीक श्रेणी द्यायचीच नाही. ढोबळ दोन वर्ग पुरेत.

म्हणून झवेरी बाजारापासून ठाण्या-नाशिकच्या पेढ्यांपर्यंत आज सॉलिटेअर मागितला की पहिला प्रश्न येतो, “ताई, नॅचरल दाखवू की लॅब?” ढोबळमानाने हिशेब असा: चांदीतली एडीची अंगठी हजार-दोन हजारांच्या आत, मॉइसनाइटची काही हजारांत, एक कॅरट लॅब हिऱ्याची सोन्यासकट लाखाच्या आगेमागे, आणि त्याच प्रतीच्या नैसर्गिक हिऱ्याची कित्येक लाखांत. सोनं असं चढलं आहे की लॅबच्या अंगठीत कधी कधी खड्यापेक्षा कोंदण महाग पडतं. गुलाबी हवा असेल तर लॅबमध्ये रंगवलेला हिरा, गुलाबी नीलम किंवा मॉर्गनाइट. पिंक स्टारची हौस त्यात भागते. डायनाच्या निळ्या अंगठीचं उदाहरण जुनं आहे. २०१० मध्ये विल्यमने ती केटला दिली आणि चीनच्या यिवू शहरातल्या कारखान्यांतून तिच्या नकला जगभर गेल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये टेलर स्विफ्टच्या बोटात जुन्या घडणीचा ‘ओल्ड माइन’ कट दिसला आणि तोच घाट लॅबच्या हिऱ्यांत मागितला जाऊ लागला.

‘पण नैसर्गिक हिरा म्हणजे गुंतवणूक’ हे वाक्य काउंटरवर येतंच. याला उत्तर श्रीमंतांच्याच वहीत आहे. जोसेफ लाऊ यांनी २०१४ मध्ये दुसऱ्या मुलीसाठी ९.७५ कॅरटचा निळा हिरा ३ कोटी २६ लाख डॉलरला घेतला होता. पुन्हा किंचित घासून ९.५१ कॅरटचा झालेला तोच हिरा नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हात विकला गेला, २ कोटी ५६ लाख डॉलरला. जगात मोजके असतील अशा हिऱ्याची अकरा वर्षांत ही गत. आपल्या अर्ध्या कॅरटच्या पांढऱ्या हिऱ्याची मोड काय येणार? सोन्याला वजनावर भाव आहे. हिऱ्याला परत घेणाऱ्याच्या मर्जीवर. लॅबच्या हिऱ्याला बऱ्याच पेढ्यांवर तेवढीही मर्जी मिळत नाही, हेही घेण्याआधी विचारून घ्यावं.

साखरपुड्यात हिऱ्याची अंगठी हवीच, ही आपली रीतही जुनी नाही. साखरेचा पुडा, साडी-नारळ, कुंकू एवढ्यावर लग्न ठरत असे. १९४७ मध्ये फिलाडेल्फियाच्या जाहिरात कंपनीतल्या फ्रान्सिस गेरेटी यांनी डी बिअर्ससाठी हिरा आणि ‘कायमचं’ यांची गाठ मारली, आणि ती गाठ हळूहळू आपल्या कार्यालयांपर्यंत आली. २००० साली ऐश्वर्या रायचा चेहरा घेऊन ‘नक्षत्र’ आलं, सात हिऱ्यांच्या फुलाचं. पुढे तो ब्रँड मेहुल चोक्सी यांच्या गीतांजलीकडे गेला आणि २०१८ मध्ये फोर्टमधल्या पंजाब नॅशनल बँकेच्या शाखेतून १३,००० कोटींच्या वरचा घोटाळा बाहेर आला. त्यातले आरोपी मामा-भाचे दोघेही हिऱ्यातले.

त्यातल्या भाच्याची, नीरव मोदीची, एक छोटी बातमी त्या मोठ्या आकड्याखाली दबून गेली. २०१८ च्या ऑक्टोबरात एका कॅनेडियन तरुणाने कॅलिफोर्नियात दावा लावल्याचं प्रसिद्ध झालं. वाङ्‌निश्चयासाठी त्याने मोदीकडून दोन अंगठ्या घेतल्या होत्या, मिळून दोन लाख डॉलरच्या. हिरे नैसर्गिक म्हणून पैसे घेतले, पण प्रमाणपत्र काही येईना. ‘पाठवतो’ एवढंच उत्तर. प्रमाणपत्राशिवाय विमा होईना. शेवटी वधूने तपासून घेतल्यावर हिरे लॅबचे निघाले, असा त्याचा आरोप होता. लग्न मोडलं.

या प्रकरणात हिऱ्यांचा दोष काहीच नव्हता. लॅबचे हिरे लॅबचे म्हणून, लॅबच्या भावात विकले असते तर त्या मुलाने आनंदाने घेतले असते आणि वाचलेल्या पैशांत घर सजवलं असतं. धंद्यातल्या लोकांनाही हीच धास्ती आहे. २०१२ मध्ये अँटवर्पच्या आयजीआय प्रयोगशाळेत न सांगता मिसळलेले सीव्हीडी हिरे शेकड्यांनी सापडले, तेव्हापासून बारीक हिऱ्यांचे पुडके यंत्रावर तपासून घेणं मुंबई-सुरतेत नेहमीचं झालं आहे. भिंग लावून लॅबचा हिरा ओळखता येत नाही, पारख्यालाही नाही.

म्हणून या दिवाळीत अंगठी घ्यायला गेलात तर एडी घ्या, मॉइसनाइट घ्या, लॅबचा घ्या, ऐपत आणि हौस असेल तर नैसर्गिक घ्या. लाज कशाचीच नको. फक्त पावतीवर चार गोष्टी लिहून घ्या: खडा नेमका कोणता, त्याचं वजन किती, प्रमाणपत्राचा क्रमांक काय, आणि परत घेताना खड्याचे किती टक्के मिळणार. प्रमाणपत्राचा क्रमांक हिऱ्याच्या कडेवर कोरलेल्या क्रमांकाशी दुकानातल्याच भिंगाखाली जुळवून पाहा. सोन्याच्या हॉलमार्कचा एचयूआयडी क्रमांक ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तपासा, त्याला मिनिटही लागत नाही. खड्याचं वजन सोन्यात धरलेलं नाही ना आणि घडणावळ कशावर लावली आहे, हेही विचारा. ‘प्रमाणपत्र नंतर पाठवतो’ असं कुणी म्हणालं, मग पेढी कितीही मोठी असो, तर अंगठी काउंटरवर ठेवा आणि शेजारच्या दुकानात जा.